तांब्याच्या तारेवर फोनशिवाय आणखी काय काय आहे?

पत्र

काका, सप्रेम नमस्कार. आमची रक्ततपासणीची छोटी लॅब आहे. बाबांनी सुरू केली, आता मी आणि भाऊ चालवतो. सगळे मिळून सात जण. गेल्या आठवड्यात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. तांब्याच्या तारेवरची सेवा वर्षभरात बंद होणार, डिजिटल जोडणी घ्या, असं त्यात आहे. आमच्याकडे दोन लाइन आहेत. मुख्य नंबर अठ्ठावीस वर्षं तोच आहे. रिपोर्टवर, पाटीवर, डॉक्टरांकडच्या यादीत सगळीकडे तोच. भाऊ म्हणतो, लँडलाइन सोडूनच देऊ, सगळ्यांकडे मोबाइल आहेत. बाबा म्हणतात, वीज गेली तरी चालणारा तो एकच फोन आहे, तो काढायचा नाही. दोघांचं पटत नाही आणि निर्णय माझ्या गळ्यात आलाय. आमचा नंबर जाईल का? वीज गेली तर काय करायचं? आणि एवढ्याशा जागेला अशी कितीशी तयारी लागणार?

उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंत की लाइन दोन आहेत. मुख्य नंबर एका लाइनवर. मग दुसरीवर काय आहे?

हा प्रश्न मी मुद्दाम पहिला विचारतोय, कारण तुमच्या पत्रात त्या लाइनबद्दल एक शब्दही नाही. लँडलाइन बदलताना जे फसतं ते बहुतेक वेळा इथेच फसतं. फोन बंद पडला तर पाच मिनिटांत कळतं, कोणीतरी ओरडतंच. पण तारेवर काही मुकी यंत्रं बसलेली असतात. ती वर्षानुवर्षं गप्प असतात आणि एखाद्या रात्री त्यांनी बोलणं फार गरजेचं असतं. लाइन गेली की ती कायमची मुकी होतात आणि त्याचा पत्ता कुणालाच लागत नाही.

तुमच्यासारख्याच एका ठिकाणी मी जोडणी बदलायला गेलो होतो. मालक म्हणाले, एक लाइन फोनची आणि एक फॅक्सची, फॅक्स तर आता कुणी वापरत नाही, ती काढून टाका. फॅक्सच्या डबीतून आणखी एक करडी तार निघाली होती. ती कपाटामागून, खिडकीच्या चौकटीला खिळ्यांनी ठोकत ठोकत, मागच्या खोलीत गेली होती. मी बॅटरी घेऊन तिच्यामागे गेलो. नमुने ठेवायच्या फ्रिजच्या वर, भिंतीवर एक पांढरी पेटी होती. तिच्यावर धुळीचा थर बसला होता आणि एक हिरवा दिवा लुकलुकत होता. फ्रिजमधलं तापमान वाढलं की रात्री-बेरात्री मालकांच्या घरी आपोआप फोन लावणारा तो डायलर होता. तो बसवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. मालकांना पेटी रोज दिसायची, पण ती कशावर चालते हे कधी मनातच आलं नव्हतं. त्या दिवशी ती लाइन मी तशीच काढली असती, तर पुढच्या वेळी फ्रिज बंद पडल्यावर सकाळी फक्त खराब झालेले नमुने सापडले असते.

म्हणून पहिलं काम हे. कोणत्याही कंपनीकडून भाव मागवायच्या आधी एक वही घ्या आणि तारेच्या मागे चाला. तार इमारतीत जिथून शिरते तिथपासून सुरुवात करा आणि प्रत्येक डबीपर्यंत जा. डबीत काय लावलंय, त्यातून पुढे काही निघालंय का, ते लिहा. चोरीची घंटा, आगीची सूचना देणारं पॅनेल, लिफ्टमधला मदतीचा फोन, दारावरचा इंटरकॉम, जुनं कार्ड मशीन, फ्रिजचा डायलर आणि हो, फॅक्स. नुसत्या डोळ्यांनी सगळं दिसत नाही. तेव्हा जुनी बिलं काढा आणि बिलावरच्या प्रत्येक नंबरला मोबाइलवरून रिंग द्या. कुठे वाजतंय ते कान देऊन ऐका. बिल येतंय पण कुठेच काही वाजत नाही, असा नंबर निघाला तर तो फुकट जाणारा खर्च समजून लगेच बंद करू नका. त्या नंबरच्या टोकाला बहुतेक असंच एखादं मुकं यंत्र असतं. अलार्म आणि लिफ्टची देखभाल करणाऱ्यांनाही फोन करा आणि सरळ विचारा, ‘तुमचं यंत्र कोणत्या लाइनवर आहे?’ लिफ्ट तुमच्या मालकीची नसली तरी तिच्या फोनची तार तुमच्या लॅबमधून गेलेली असू शकते. तसं मी पाहिलं आहे.

हे मी उगाच ताणतोय असं वाटू देऊ नका. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद व्हायचं होतं. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं. ते दाबलं की लँडलाइनवरून मदत केंद्राला फोन लागतो. नव्या जोडणीवर गेल्यावर काही ठिकाणी ती बटणं चाललीच नाहीत. २०२३ च्या अखेरीस हे उघडकीला आलं, सक्तीची बदली थांबवावी लागली आणि मुदत जानेवारी २०२७ वर गेली. एवढ्या मोठ्या कामात घोळ झाला तो बोलण्याच्या फोनमुळे नाही, तारेवरच्या मुक्या यंत्रांमुळे.

आता त्या यंत्रांचं काय करायचं? नव्या जोडणीला लावायचा एक छोटा अडॅप्टर मिळतो. त्याच्या एका बाजूला इंटरनेटची तार आणि दुसऱ्या बाजूला जुन्या फोनची. साध्या फोनला तो छान चालतो. पण अलार्मचं पॅनेल किंवा फॅक्स त्यावर लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ही यंत्रं सुरांच्या भाषेत बोलतात. एक सूर इतक्या मिलिसेकंदांचा, मग दुसरा, असं त्यांचं चालतं. इंटरनेटवर आवाज लहान लहान तुकड्यांत जातो. एखादा तुकडा हरवला तर माणसाला ते जाणवतही नाही, पुढच्या-मागच्या शब्दांवरून तो समजून घेतो. यंत्राला ते जमत नाही. चाचणीच्या दिवशी दहाच्या दहा वेळा जाईल, अकराव्यांदा अडेल, आणि ती वेळ नेमकी खऱ्या प्रसंगाची असेल. फॅक्ससाठी टी.३८ नावाची वेगळी पद्धत आहे, पण ती दोन्ही टोकांना आणि मधल्या कंपन्यांकडेही नीट चालावी लागते. तुम्हाला फॅक्सवर रिपोर्ट मागणारं एखादंच रुग्णालय उरलं असेल, तर त्यांच्याशी आत्ताच बोला आणि दुसरी सुरक्षित वाट ठरवा. अलार्म आणि फ्रिजसाठी मोबाइल सिमवर किंवा थेट इंटरनेटवर चालणारं नवं यंत्र घ्या. सिमवालं घेताना ते ४जी आहे याची खात्री करा. २जी आणि ३जी जाळीही अनेक देशांत बंद झाली आहेत किंवा होत आहेत. आज स्वस्तात मिळालेलं जुनं यंत्र दोन-तीन वर्षांत पुन्हा मुकं होऊ शकतं.

आता बाबांकडे वळतो. त्यांचं म्हणणं हट्टाचं नाही, त्यात खरं कारण आहे. जुन्या फोनला वीज तुमच्या घरातून मिळतच नव्हती. एक्सचेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते. तिथून सुमारे ४८ व्होल्टचा डीसी प्रवाह त्याच तांब्याच्या जोडीवरून तुमच्या रिसीव्हरपर्यंत यायचा. घंटा वाजवायला त्यावर आणखी वेगळा प्रवाह चढवायचे. लाइनवर काम करताना रिंग आली की बोटांना झटका बसायचा, तो त्याचा. म्हणून अख्खा भाग अंधारात असला तरी फोनमध्ये टोन असायचा. नवी डिजिटल जोडणी बहुतेक काचेच्या फायबरवरून येते, आणि फायबरमधून वीज येत नाही, प्रकाश येतो. त्यामुळे भिंतीवरची फायबरची पेटी, राउटर आणि फोन या तिघांनाही तुमच्याच विजेची गरज लागते. बाबांनी बोट ठेवलंय ते बरोबर जागी आहे.

पण त्यावर उपाय आहे, आणि तो हिशोबाने करता येतो. फायबरची पेटी आणि राउटर मिळून साधारण २० वॉट घेतात असं धरू. तुमच्या पेट्यांचा नेमका आकडा त्यांच्या विजेच्या अडॅप्टरवर छापलेला असतो, तिथे व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार केला की जास्तीत जास्त किती लागेल ते कळतं. कॉम्प्युटरला लावतो तशा छोट्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. म्हणजे ८४ वॉट-तास. यूपीएस स्वतःही त्यातलं बरंच खातो, बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि जुनी होत गेली की तिची ताकद घटते. तेव्हा कागदावर चार तास दिसले तरी दोन-अडीच धरून चाला. तेवढं पुरत नसेल तर मोठी बॅटरी घ्या. राउटरसाठी थेट डीसी देणारे छोटे यूपीएसही मिळतात. त्यात विजेचं रूपांतर कमी वेळा होतं, म्हणून तेवढ्याच बॅटरीत ते जास्त टिकतात. एक मात्र पाळा. त्या यूपीएसवर प्रिंटर, पंखा, चार्जर, काही म्हणजे काही लावू देऊ नका. वर चिठ्ठी चिकटवा. आणि बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा, कारण या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत बसतात आणि बसताना सांगत नाहीत.

नवे टेबलावरचे फोन घेणार असाल तर इंटरनेटच्या तारेतूनच वीज घेणारे घ्या आणि तशी वीज पुरवणारा नेटवर्क स्विचही, म्हणजे एका जोडणीतून अनेक फोनना तारा देणारी पेटी. मग प्रत्येक फोनला विजेचा वेगळा अडॅप्टर लागत नाही आणि एका यूपीएसवर सगळे चालतात. फक्त स्विच आणि फोनचे वॉट हिशोबात धरायला विसरू नका. बाबांना हातात तोच जुना रिसीव्हर हवा असेल तर मघाशी सांगितलेल्या अडॅप्टरवर तो लावून द्या. बटणांचा असेल तर अडचण येत नाही. डायल फिरवायचा असेल तर अडॅप्टर घेताना आधी विचारा, कारण फिरत्या डायलचे ठोके बरेच अडॅप्टर ओळखत नाहीत.

विजेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तुमच्या लॅबपर्यंत शेवटपर्यंत फायबर येत असेल तर एक्सचेंजपासून तुमच्यापर्यंत मध्ये विजेवर चालणारं बहुतेक काही नसतं. प्रकाश वाटून देणारी मधली पेटीसुद्धा विजेशिवाय काम करते. पण फायबर फक्त रस्त्यावरच्या पेटीपर्यंत आणि पुढे दुसरी तार असेल, तर त्या पेटीला वीज लागते. त्या भागातली वीज गेली की तुमचा यूपीएस चालू राहूनही फोन बंद. जोडणी घेताना हा प्रश्न नक्की विचारा, ‘मध्ये कुठे वीज लागते का आणि तिथे बॅटरी किती वेळाची आहे?’ विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही, तर देऊ शकेल अशा माणसाचं नाव मागा.

नंबराबद्दल तुमच्या मनात जी धाकधूक आहे तिचं उत्तर एका वाक्यात आहे. नवीन कंपनीकडे नंबर पूर्णपणे गेल्याशिवाय जुनी लाइन बंद करा असं कुणालाही सांगू नका. लोक चांगल्या हेतूने हीच चूक करतात. दोन बिलं नकोत म्हणून आधी जुनं बंद करतात, आणि बंद झालेला नंबर मग हलवता येत नाही. तो कंपनीकडे परत जातो, कधी दुसऱ्याला दिलाही जातो. अठ्ठावीस वर्षांचा नंबर महिन्याभराच्या बिलासाठी धोक्यात घालू नका. अर्ज करण्याआधी जुनं बिल समोर ठेवा. त्यावर नाव कोणाचं आहे? बाबांचं असेल आणि अर्ज तुमच्या किंवा लॅबच्या नावाने गेला, तर तो फेटाळला जाऊ शकतो. पत्त्यातली स्पेलिंगची चूकसुद्धा आड येते. नाव बदलायचं असेल तर ते आधी, जुन्या कंपनीकडेच करून घ्या. त्याच जोडीवर तुमचं जुनं ब्रॉडबँडही येत असेल तर नंबर हलला की ते बंद पडेल का, हेही विचारा. नंबर हलवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, काही ठिकाणी लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेताच येत नाही. तसं असेल तर सध्याच्याच कंपनीची डिजिटल सेवा घेऊन नंबर तिच्याकडेच ठेवा. या बाबतीत मी थोडी महाग पण जिथे नंबर टिकतो ती वाट निवडेन. आणि तोंडी होकारावर विसंबू नका, नंबर राहील हे लेखी घ्या.

भावाचं म्हणणंही पूर्ण टाकाऊ नाही. मोबाइल हा तुमचा दुसरा आधार असायलाच हवा. पण एका व्यक्तीच्या मोबाइलवर लॅबचा नंबर टाकला की ती व्यक्ती रजेवर गेल्यावर काय, नोकरी सोडल्यावर काय, एकाच वेळी तीन रुग्णांचे फोन आले तर काय? डिजिटल फोनमध्ये भावाला हवं ते सगळं मिळतं. लॅबच्या नंबरावर आलेला फोन त्याच्या मोबाइलमधल्या ॲपवरही वाजेल, आणि तो बाहेरून फोन करेल तेव्हा समोर लॅबचाच नंबर दिसेल. त्याला हे दाखवा, त्याचा निम्मा विरोध तिथेच मावळेल. इंटरनेट बंद पडलं की सगळे फोन आपोआप एका मोबाइलवर वळतील अशी सोय कंपनीकडे असते. ती पहिल्याच दिवशी चालू करून घ्या. ती कंपनीच्या यंत्रणेत चालते, म्हणून तुमच्याकडची वीज गेली तरी काम करते.

आवाज नीट येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या आठवड्यातली तक्रार हमखास हीच असते. लोक लगेच इंटरनेटचा वेग वाढवून घेतात आणि पैसे वाया जातात. नेहमीच्या दर्जाचा एक कॉल दोन्ही दिशांना सेकंदाला ९० किलोबिटच्या आसपास घेतो. तुमच्या तीन-चार कॉलना अर्धा मेगाबिटही लागत नाही. अडचण असते ती तुकडे वेळेवर पोचण्याची. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. तुमच्या मशीनचे मोठे अहवाल किंवा रात्रीचा बॅकअप दिवसा अपलोड होत असेल तर आवाज तुटणारच. राउटरमध्ये आवाजाला पहिली वाट द्यायची सोय असते, ती लावून घ्या. टेबलावरचे फोन वायफायवर न ठेवता तारेवर ठेवा. आणि दोघांपैकी एकालाच समोरच्याचा आवाज ऐकू येतोय किंवा फोन ठरावीक मिनिटांनी तुटतोय, असं झालं तर बसवणाऱ्याला राउटरमधलं, इंटरनेटवरच्या कॉलमध्ये फेरफार करणारं ‘सिप एएलजी’ नावाचं सेटिंग बंद करून पाहायला सांगा. हे सेटिंग मदतीसाठी असतं, पण कितीतरी राउटरमध्ये तेच घात करतं.

ज्या दोन गोष्टी कोणी विक्रेता आपणहून सांगत नाही त्या आता. पहिली, आणीबाणीचा नंबर. तांब्याच्या लाइनला पत्ता चिकटलेला होता, कारण तार एकाच जागी जायची. डिजिटल फोन उचलून दुसऱ्या इमारतीत लावला तरी चालतो, त्यामुळे मदत जुन्या पत्त्यावर जाऊ शकते. सेवा चालू होतानाच लॅबचा बरोबर पत्ता, मजल्यासकट, नोंदवा. आणि आणीबाणीचा नंबर आधी शून्य किंवा नऊ न दाबता थेट लागतो याची कंपनीकडून खात्री करून घ्या. २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या एका हॉटेलच्या खोलीत एका बाईवर हल्ला झाला. तिच्या लहान मुलीने मदतीसाठी ९११ चार वेळा दाबला, पण बाहेर फोन लावायला आधी आणखी एक ९ दाबावा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. आई वाचली नाही. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २०२० पासून नव्या यंत्रणांमधून थेट ९११ लागलाच पाहिजे असं बंधन आलं. तुमच्या लॅबमध्ये सुई बघून चक्कर येणारे रुग्ण येत असतील, फोन कुणाच्याही हातात असू शकतो. ही सेटिंग तपासायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी, चोरी. डिजिटल फोनचं खातं पासवर्डवर चालतं. तो सोपा असेल तर शुक्रवारी रात्री कुणीतरी शिरतं आणि सोमवारपर्यंत तुमच्या खात्यावरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर फोन लावत बसतं. बिल तुमच्या नावाने येतं. तुम्हाला परदेशी फोन लावावे लागत नसतील तर ती सोय बंदच ठेवा, आणि दिवसाच्या खर्चाला मर्यादा घालून घ्या. फोनचा डबा उघडल्यावर त्यावर आधीच असलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

वर्षभराची मुदत म्हणजे भरपूर वेळ, असं मात्र मानू नका. शेवटच्या दोन महिन्यांत सगळ्यांनाच एकदम जाग येते, मग बसवणारे मिळत नाहीत आणि अलार्मवाल्यांची तारीख त्याहून उशिरा मिळते. पहिल्या महिन्यात वहीचं काम उरका आणि अलार्म, फ्रिज, लिफ्टची नवी यंत्रं मागवा. ती नीट चालतात हे दिसल्यावरच मुख्य नंबर हलवा. हलवायचा दिवस आठवड्याच्या मध्यावर ठेवा, शुक्रवारी कधीच नाही. काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी कंपनीत फोन उचलणारं कोणीतरी हवं. नंबर हलवण्याआधी नवी जोडणी जुन्याच्या शेजारी दोन आठवडे चालवा आणि त्या दिवसांत एका वेगळ्या नंबरावरून सगळ्यांना वापरायला लावा. फोन दुसऱ्याकडे देणं, होल्डवर ठेवणं, ठेवलेला निरोप (व्हॉइसमेल) ऐकणं हे कामाच्या गर्दीत शिकता येत नाही.

आणि जुनी लाइन तोडायच्या आधी एक संध्याकाळ राखून ठेवा. लॅब बंद झाल्यावर सगळ्यांना थांबवा, अलार्मवाल्यांना आधी कळवून ठेवा, आणि मेन स्विच बाबांच्या हाताने बंद करवून घ्या. अंधारात बाबांनीच फोन उचलून तुमच्या मोबाइलवर लावावा. मग फ्रिजचं तापमान मोजणारं टोक हातात धरून गरम करा आणि तुमच्या घरी खरंच सूचना येते का ते पाहा. घड्याळ लावून बसा, यूपीएस किती वेळ टिकतो ते वहीत लिहा. तो आकडा बाबांना पटला तरच जुनी लाइन बंद करायचा अर्ज भरा. नाही पटला तर मोठी बॅटरी आणा आणि पुढच्या आठवड्यात स्विच परत बंद करा.